बसमध्ये एक वाटाड्याही हवा

परदेशी सहली काढणाऱ्या मराठी कंपन्यांचे संचालक, आयोजक आणि टूर मॅनेजर यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मी मूळची सातारा जिल्ह्यातल्या मेढ्याची. गेली एकोणीस वर्षं अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात राहते. रॉकी माउंटन नॅशनल पार्क माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे, आणि त्या पार्कातून डोंगरमाथ्यावरून जाणारा ट्रेल रिज रोड उन्हाळ्यात खुला झाला की मी वर्षातून चार-पाच वेळा तरी तिकडे जातेच. तिथे तुमच्या बस दिसतात. एकसारख्या टोप्या, एकाच रंगाच्या सॅक, आणि दरीच्या कठड्यापाशी "अहो, कानाला मफलर बांधा आधी" हे ऐकू आलं की परक्या मुलुखात जीव सुखावतो. मी मुद्दाम जाऊन बोलते. कोणी सांगलीचं असतं, कोणी डोंबिवलीचं. एकदा तर आमच्या शेजारच्या कुडाळ गावच्या बाई भेटल्या.

तुम्ही केलेलं काम लहान नाही. इंग्रजीचा गंध नसलेल्या, आयुष्यभर शाळेत नाहीतर बँकेत नोकरी केलेल्या माणसांना तुम्ही हात धरून जगाच्या दुसऱ्या टोकाला आणता, संध्याकाळी वरण-भात खायला घालता आणि सुखरूप घरी पोचवता. माझी आई तुमच्यामुळेच पहिल्यांदा अमेरिकेत आली. म्हणून हे पत्र रागाने लिहीत नाही. पण तीन वर्षांपूर्वी जे पाहिलं ते मनातून जात नाही, आणि त्यानंतरही दर उन्हाळ्यात तेच बघते आहे, म्हणून लिहिते.

त्या वर्षी आई आणि आत्या एका टूरने आल्या होत्या. कंपनीचं नाव घेत नाही, कारण प्रश्न त्या एका कंपनीचा नाही. ट्रेल रिजच्या दिवशी मी पैसे भरून त्यांच्याबरोबर बसमध्ये बसले. आदल्या रात्री ही मंडळी शिकागोहून विमानाने डेन्व्हरला उतरली होती, खोल्यांत पोचेपर्यंत साडेअकरा वाजले होते. सहाला वेक-अप कॉल, सातला नाश्ता, आठला बस. एस्टेस पार्क गावात वॉशरूमसाठी वीस मिनिटं. पुढे वर चढताना मेनी पार्क्स कर्व्हला थांबलो नाही, रेनबो कर्व्हला थांबलो नाही. फॉरेस्ट कॅन्यनला दहा मिनिटांचा फोटो स्टॉप मिळाला. मग थेट वरचं अल्पाइन व्हिजिटर सेंटर, तिथे पॅक लंच धरून चाळीस मिनिटं. माइकवरून रस्त्याची उंची किती फूट ते एकदा सांगण्यात आलं आणि अंताक्षरी सुरू झाली. अंताक्षरी मलाही आवडते. पण ज्या अकरा मैलांत झाडं संपतात आणि आभाळाखाली नुसतं गवत, खडक आणि बर्फ उरतं, तिथे खिडकीबाहेर बघायला कोणी सांगितलंच नाही, आणि बसमधल्या अर्ध्या लोकांनी तो पट्टा समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत ओलांडला.

व्हिजिटर सेंटरच्या शेजारून टेकाडावर एक पायऱ्यांची वाट जाते. वर उंचीची पाटी आहे, १२,००५ फूट. तिच्याजवळ फोटो काढायचा म्हणून सगळे निघाले, आईही निघाली. आई तेव्हा एकाहत्तर वर्षांची. परत वेळेत बसपाशी यायचं म्हणून तिने घाई केली. खाली उतरताना ती मधेच एका पायरीवर बसली. तिला बोलता येईना. ओठ निळसर पडले होते, आणि माझा हात तिने असा घट्ट धरला होता की नखं रुतली. एक रेंजर बाई धावत आल्या, तिला बसतं केलं, घोट घोट पाणी दिलं आणि म्हणाल्या की औषध एकच, ताबडतोब खाली न्या. बस निघाली, आम्ही उतरू लागलो आणि तासाभरात आई सावरली. ग्रँड लेकला तिने चहा मागितला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

रात्री फोनवर तिला विचारलं, आजचं काय आवडलं गं? थोडा वेळ गेला आणि म्हणाली, "मला तो जिनाच आठवतो बघ."

त्या टूरवरच्या मॅनेजर मुलाला मी दोष देत नाही. पंचविशी-सव्विशीचा पोरगा, चव्वेचाळीस माणसांचे पासपोर्ट, गोळ्या, उपास आणि रुसवे-फुगवे एकटा सांभाळत होता. आईसाठी तो बसपर्यंत पळत गेला, स्वतःचं जॅकेट तिच्या अंगावर घातलं. त्याला या रस्त्याबद्दल कोणी काही शिकवलंच नव्हतं. ज्यांनी शिकवायला हवं होतं त्यांच्यासाठी हे पत्र आहे.

आधी उंचीचं बोलते, कारण ती जिवाशी गाठ आहे. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. डेन्व्हर शहर ५,२८० फुटांवर वसलंय. म्हणजे तुमचे प्रवासी हॉटेलच्या खोलीत झोपतात तेव्हाच जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर असतात. तिथून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तुम्ही त्यांना १२,१८३ फुटांवर नेता, म्हणजे कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई आणि वर थोडं. तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने दोन-तृतीयांशाच्या आसपास येतो. तरुणांना फक्त धाप लागते. ज्यांना रक्तदाब आहे, ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे, जे आदल्या रात्री चार तास झोपले आहेत आणि बसमध्ये वॉशरूमची पंचाईत नको म्हणून सकाळपासून पाणीच प्यायलेले नाहीत, त्यांचं काय होत असेल? आपल्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, हे तुमच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत आहे?

एस्टेस पार्क गाव साडेसात हजार फुटांवर आहे. डेन्व्हरनंतर एक रात्र तिथे काढली तर शरीराला सवय व्हायला अवसर मिळतो आणि सकाळी लवकर वर जाता येतं. लवकर जाण्याला दुसरंही कारण आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दुपार झाली की या डोंगरांवर ढग जमतात आणि विजा पडतात, हे जवळजवळ रोजचं आहे. झाडं संपल्यावर त्या पठारावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे उभा असलेला माणूस. २०१४च्या जुलैमध्ये याच रस्त्यालगत लागोपाठ दोन दिवसांत दोन पर्यटक वीज पडून गेले. म्हणून जाणते लोक अकराच्या आत वरचं फिरणं उरकतात आणि दुपारी खोऱ्यात उतरतात. तुमची बस मात्र बरोबर बारा-एकच्या सुमाराला माथ्यावर पोचते, कारण सकाळ डेन्व्हरपासूनच्या वाटेत गेलेली असते.

आता त्या पठाराबद्दल.

पुढच्या वर्षी आई एकटी आली, माझ्याकडे दोन महिने राहिली. पुन्हा ट्रेल रिजला जायचं म्हटल्यावर आधी नाहीच म्हणाली. मी म्हटलं, जिना चढायचा नाही, मी आहे. जुलैचा पहिला आठवडा होता. पहाटे निघालो, साडेआठला रॉक कट नावाच्या थांब्यावर पोचलो. तिथून पठारावर डांबरी पायवाट जाते. आम्ही अगदी बेताने चाललो, दर पन्नास पावलांवर थांबलो. हवा बोचरी होती. आईने शालीवर माझं जॅकेट चढवलं होतं. वाटेच्या कडेला ती एकदम खाली वाकली आणि मला वाटलं, पुन्हा त्रास झाला. पण ती बघत होती. दगडाला चिकटून, उशीच्या अभ्र्यावर भरतकाम करावं तसा हिरवा गोल होता आणि त्यावर मुगाच्या दाण्याएवढी गुलाबी फुलं. शेजारी आकाशी निळ्या रंगाची त्याहून लहान फुलं. तिने बोट लावलं नाही. म्हणाली, "अगं, हे तर आपलं कासच आहे."

मेढ्याहून कास जवळ. लहानपणी श्रावण-भाद्रपदात आम्ही पठारावर जायचो. कातळावर बोटभर माती, त्यावर सीतेची आसवं, तेरडा, सोनकी. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलायची आणि त्या वर्षी सगळं पठार जांभळं व्हायचं. माती इतकी कमी की झाडाने जगायचं कसं हेच कोडं, म्हणून जे उगवतं ते बुटकं, घट्ट आणि घाईने फुलणारं. रॉकीजच्या माथ्यावरही हेच आहे, फक्त तिथे पावसाऐवजी थंडी आणि वारा हे करतात. फुलायला मिळतो तो जेमतेम दीड-दोन महिन्यांचा काळ. तो गुलाबी फुलांचा गालिचा म्हणजे मॉस कॅम्पियन. त्याला पहिलं फूल यायलाच दहा-एक वर्षं लागतात. जेवणाच्या ताटाएवढा गोल दिसला तर तो पाव शतक जुना असतो.

कासचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. २०१२मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत त्याचं नाव आलं आणि शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागू लागली. फुलांत बसून फोटो, फुलांत लोळून फोटो. शेवटी कुंपण घालावं लागलं, माणसांची संख्या ठरवावी लागली. तुमच्या बसमधले अनेक जण ते बघून हळहळलेले असतात. आणि तरीही फॉरेस्ट कॅन्यनच्या थांब्यावर मी पाहिलं, दोन कुटुंबं डांबरी वाट सोडून सरळ गवतात शिरली, कारण तिथून डोंगराचा फोटो चांगला येत होता. त्यांना ते गवत वाटलं. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की पायाखाली कास आहे.

बिअट्रिस विलर्ड नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस याच रॉक कटजवळ जमिनीचे छोटे तुकडे आखून घेतले आणि पर्यटकांच्या पायांनी काय होतं ते वर्षानुवर्षं मोजलं. एकदा तुडवून उघडी पडलेली जागा पूर्ववत व्हायला शेकडो वर्षं लागू शकतात, असं त्यांच्या कामातून दिसलं. तिथल्या वाटा आज डांबरी आहेत आणि "वाटेवरच राहा" म्हणून पाट्या आहेत. अभ्यासाच्या त्या तुकड्यांना आता ऐतिहासिक स्थळ म्हणून संरक्षण आहे. पण पाटी इंग्रजीत असते, लहान असते, आणि फोटो स्टॉप दहा मिनिटांचा असतो. मराठीत एक वाक्य आधी बसमध्ये बोललं तर ते पाटीपेक्षा शंभर पटीने कामाला येईल: "मंडळी, इथे वाट सोडायची नाही, ही कासची फुलं आहेत."

खाऊ घालण्याचंही तसंच. व्हिजिटर सेंटरच्या बाहेर खारी आणि घुशीएवढे जाडजूड मार्मॉट अगदी पायाशी येतात. आपल्या माणसाला कोणी पायाशी आलं की पिशवीतला चिवडा काढल्याशिवाय राहवत नाही, हा आपला चांगुलपणाच आहे. पण तिथे ते बेकायदा आहे, आणि त्या जीवांच्या मुळावर येतं, कारण वर्षातले सहा-आठ महिने बर्फाखाली काढायला लागणारी चरबी शेव-चिवड्याने येत नाही. एल्क हरणांपासून ७५ फूट आणि मूस या प्रचंड हरणापासून १२० फूट लांब राहायचं, हा नियमही टूर मॅनेजरच्या तोंडी असायला हवा. मूस शांत दिसतो, पण पिलू जवळ असलं की धावून येतो.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मला खरं तर हे पत्र लिहायचं होतं ती.

तुमच्या प्रवासाच्या यादीत डेन्व्हर असतं, बहुतेकदा पुढे यलोस्टोन किंवा सॉल्ट लेक सिटी असतं, मग लास व्हेगस आणि शेवटी ग्रँड कॅन्यन. ग्रँड कॅन्यनच्या काठावर उभं राहून तुमचा मॅनेजर सांगतो की ही दरी कोलोरॅडो नदीने कोरली. सगळे आ वासून बघतात. पण त्याच मंडळींना तुम्ही दहा दिवसांपूर्वी त्या नदीच्या उगमापाशी नेलं होतं, आणि ते कोणाच्या गावीही नव्हतं!

ट्रेल रिज रोड माथा ओलांडून पश्चिमेला उतरू लागला की मिल्नर पास लागतो, १०,७५९ फुटांवर. तिथे रस्त्याकडेला पाटी आहे की हा खंडाचा जलविभाजक. इथून पूर्वेला गेलेलं पाणी प्लॅट, मिसुरी, मिसिसिपी असं करत मेक्सिकोच्या आखाताकडे जातं, पश्चिमेला गेलेलं कोलोरॅडो नदीला मिळतं आणि पॅसिफिकच्या बाजूला वाहतं. आई त्या पाटीपाशी बराच वेळ उभी राहिली. हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. आमचं सगळं बालपण जलविभाजकावरच गेलं. महाबळेश्वरला एकाच देवळात पाच नद्यांचं पाणी येतं. त्यातली सावित्री कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळते आणि कृष्णा पार आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला. आमच्या मेढ्यातून वेण्णा वाहते, ती पूर्वेकडची. आई पाटीला हात लावून म्हणाली, "म्हणजे हे यांचं महाबळेश्वर."

तिथून खाली उतरताना फारव्ह्यू कर्व्ह नावाचं वळण आहे. समोर कावुनीची नावाचं खोरं पसरलेलं दिसतं आणि त्यात वळणं घेत जाणारा एक बारीक ओहोळ. तीच कोलोरॅडो नदी. तिचा उगम जरा वर उत्तरेला ला पूद्र खिंडीपाशी आहे. खाली खोऱ्यात कोयोटी व्हॅलीची सपाट वाट नदीच्या काठाकाठाने जाते, चाकाची खुर्चीही नेता येते अशी. तिथे नदीची रुंदी एवढी की माझ्या मुलाने दगड मारला तर पलीकडे जातो. आईने चपला काढल्या, पाय बुडवले आणि "आई गं, बर्फ आहे नुसता" म्हणून काढले. मग ओंजळभर पाणी घेतलं, आणि तोंडाने काहीतरी पुटपुटून परत सोडलं. पाण्याला नमस्कार केल्याशिवाय नदी ओलांडायची नाही, हे तिच्या आईने तिला शिकवलेलं.

सुमारे चार कोटी लोक या नदीचं पाणी वापरतात. लास व्हेगसच्या ज्या हॉटेलात तुमची मंडळी तीन रात्री राहतात, तिथल्या नळाला येणारं बहुतेक पाणी याच नदीचं. आणि उपसा इतका आहे की नदी आता समुद्रापर्यंत क्वचितच पोचते. फारव्ह्यू कर्व्हवरूनच समोरच्या नेव्हर समर डोंगरांच्या अंगावर एक आडवी रेघ दिसते, जणू कोणी सुरीने चर मारली आहे. तो ग्रँड डिच, १८९०मध्ये खणायला घेतलेला कालवा. पश्चिमेला जाणारं पाणी अडवून तो खिंडीतून पूर्वेच्या शेतांकडे नेतो. शिवाय या पार्कच्या पोटातून २१ किलोमीटर लांबीचा बोगदा गेला आहे, अॅल्व्हा अॅडम्स टनेल. १९४७पासून तो पश्चिमेचं पाणी डोंगराखालून पूर्वेला आणतो. माझ्या घरच्या नळाला येणाऱ्या पाण्यात त्याचा वाटा आहे.

सातारा जिल्ह्यातल्या माणसाला हे ऐकताना काय आठवेल सांगा? कोयना! पूर्वेला वाहणारी नदी अडवून तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे सोडलं आणि महाराष्ट्राला वीज मिळाली. गावं उठली, माणसं विस्थापित झाली, माझ्या आत्याच्या सासरचं गाव त्यात गेलं. ती आत्या त्या दिवशी बसमध्ये खिडकीशी बसली होती. तिच्या डोळ्यांसमोरून ग्रँड डिचची रेघ गेली आणि तिला कोणी सांगितलं नाही. मी सांगू शकले असते. पण तेव्हा मी आईचे तळवे चोळत होते.

हे जोडून देणारा माणूस म्हणजे वाटाड्या. आपल्याकडे रतनगडावर किंवा नाणेघाटात जाताना गावातला वाटाड्या बरोबर घेतात. तो रस्ता दाखवतो हे तर आहेच, पण इथे पाणी कोणत्या टाक्यातलं प्यावं, या झाडाला काय म्हणतात, या खिंडीतून कोण आलं होतं, हेही तोच सांगतो. त्याच्याशिवाय गड म्हणजे चढ-उतार. तुम्ही बसला मॅनेजर देता. तो लागतोच. मी वाटाड्या मागते आहे.

आणि ही मागणी या पार्कला अनोळखी नाही. हे पार्क व्हावं म्हणून ज्याने वर्षानुवर्षं लेख लिहिले आणि भाषणं केली तो एनॉस मिल्स स्वतः वाटाड्या होता. चौदाव्या वर्षी तो या डोंगरांत आला, १४,२५९ फुटांच्या लाँग्ज पीकवर शेकडो वेळा लोकांना घेऊन गेला. पाहुण्यांना नुसती नावं ऐकवायची नाहीत, त्यांची उत्सुकता जागी करायची, हे शिकवण्यासाठी त्याने वाटाड्यांची शिकवणी घेतली. २६ जानेवारी १९१५ला पार्क झालं. दोनच वर्षांनी, १९१७मध्ये, एस्थर आणि एलिझाबेथ बर्नेल या बहिणींना निसर्गवाटाड्या म्हणून परवाना मिळाला.

त्याच्याही आधीची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. हे डोंगर मुळात यूट आणि अरापाहो या इथल्या मूळ रहिवासी जमातींचे. ट्रेल रिज रोड १९२९ ते १९३२ या काळात बांधला गेला, पण त्याच माथ्यावरून त्यांची पायवाट कितीतरी आधीपासून जात होती. अरापाहोंना इथून काढून वायोमिंगमधल्या राखीव प्रदेशात नेलं गेलं होतं. १९१४च्या जुलैमध्ये, नकाशावर घालायला जुनी नावं हवीत म्हणून, तिथून गन ग्रिसवोल्ड आणि शर्मन सेज या दोन वृद्धांना बोलावलं. एक त्र्याहत्तर वर्षांचे, एक त्रेसष्टचे. घोड्यांवरून दोन आठवडे ते आपल्या तरुणपणीच्या डोंगरांत हिंडले आणि जागा दाखवत, नावं सांगत गेले. कावुनीची म्हणजे कोयोटीचं, इकडच्या कोल्ह्यासारख्या प्राण्याचं, खोरं, ते नाव तेव्हाच नोंदलं गेलं. आणि लाँग्ज पीक आणि शेजारचं माउंट मीकर, ही जी दोन शिखरं सपाटीवरून मैलोन्‌मैल दिसतात, त्यांना अरापाहो काय म्हणत असत? 'दोन वाटाडे'. डेन्व्हरहून निघाल्यावर तुमच्या बसच्या समोरच्या काचेतून, हवा स्वच्छ असली तर, सकाळभर ते दोन वाटाडे दिसत असतात.

तेव्हा माझं मागणं एवढंच. कार्यक्रमपत्रिकेत "डेन्व्हर ते पुढचं शहर, वाटेत रॉकी माउंटन नॅशनल पार्क" असं न लिहिता त्या पार्कला सबंध दिवस द्या आणि आदली रात्र एस्टेस पार्कला ठेवा. एखादं मॉल, एखादी फॅक्टरी व्हिजिट कमी झाली तर कोणी तक्रार करणार नाही. मी या रस्त्यावर तुमच्या शे-दीडशे प्रवाशांशी तरी बोलले असेन, त्यातल्या कोणीही मला मॉलबद्दल सांगितलं नाही. बसमध्ये त्या दिवसापुरता परवाना असलेला स्थानिक गाईड घ्या आणि तुमच्या मॅनेजरने त्याचं बोलणं मराठीत सांगावं. ते परवडत नसेल तर मॅनेजरलाच तयार करा. उन्हाळ्यात पार्कचे रेंजर माथ्यावर माहिती सांगतात, लोकांना फिरवून आणतात. त्यासाठी वेळ काढा. गेल्या काही वर्षांत उन्हाळ्यात प्रवेशाची वेळ आधी आरक्षित करावी लागते, कारण वर्षाला चाळीस लाखांहून जास्त माणसं येतात, तेव्हा सकाळची वेळ हवी असेल तर आधीपासून हालचाल करावी लागेल. बुकिंगच्या वेळी आजारपणाचा फॉर्म तुम्ही भरून घेताच. त्यात "१२,००० फूट उंचीवर जाणार, डॉक्टरांना विचारा" ही ओळ ठळक घाला. आणि ज्यांना वर त्रास होईल त्यांच्यासाठी फोटोच्या पाटीपर्यंत न जाताही पाहण्यासारखं काय आहे ते मॅनेजरला माहीत असू द्या. पायऱ्या न चढताही तिथे खूप आहे. झाडं जिथे संपतात त्या रेषेवरची, वाऱ्याने एकाच बाजूला फांद्या राहिलेली गुडघाभर उंचीची सूचिपर्णी झाडं बसच्या खिडकीतून दिसतात. २०२०च्या ऑक्टोबरात जलविभाजकावरून उडी मारून पलीकडे गेलेल्या वणव्याचे काळे बुंधे दिसतात, आणि त्यांच्या पायाशी उगवलेली नवी हिरवळ.

मी मराठीत वीसेक पानांचं टिपण लिहून ठेवलं आहे. थांबे पूर्वेकडून पश्चिमेकडे, कुठे किती वेळ, कुठे वॉशरूम, कुठे सावली, काय सांगायचं, आपल्याकडच्या कोणत्या जागेशी जोडायचं. ज्या कंपनीला हवं असेल तिला मी ते पाठवीन. पैसे नकोत, नावही नको. तुमच्या मॅनेजर मुला-मुलींना हंगामाआधी दोन संध्याकाळी ऑनलाइन भेटायलाही तयार आहे.

आत्या अजून मेढ्यालाच आहे, आता ऐंशीची झाली. मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर मी तिला फारव्ह्यू कर्व्हवरून काढलेला फोटो दाखवला, त्या आडव्या रेघेवर बोट ठेवलं आणि बोगद्याचं सगळं सांगितलं. ती चष्मा पुसून पुसून बघत राहिली. मग विचारलं, "त्यांची पण गावं उठली का गं?" मी सांगितलं की जुनी कुरणं आणि रँच पाण्याखाली गेली, आणि त्याआधी तर ज्यांचे हे डोंगर होते तेच लोक उठवले गेले. तिने दोन्ही हात जोडले. "मला आधी माहीत असतं," म्हणाली, "तर मी बसमधून उतरून उभी राहिले असते तिथं."

त्या वळणावर बसला उभं राहायला जागा आहे. यंदा रस्ता उघडला की थांबा.

आपली,
मेढ्याची एक माहेरवाशीण, मुक्काम कोलोरॅडो